पंपिंग तीस टक्के, मग पुढे?

टू-डी इकोच्या रिपोर्टवर ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ईएफ ३० टक्के’ असं लिहून येतं. डॉक्टर दोन मिनिटं समजावतात, गोळ्या लिहून देतात. त्याच रात्री घरातलं कुणीतरी मोबाइलवर एकच गोष्ट शोधत बसतं: अशा माणसाला आयुष्य किती? उत्तरं चटकन मिळतात. कुठे ‘पाच वर्षांत निम्मे’, कुठे त्याहून वाईट. ही उत्तरं सरसकट खोटी नसतात, पण बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कुणाची तरी असतात. तुमच्या घरातल्या माणसासाठी ती कशी वाचायची, काय विचारायचं आणि काय करायचं, याबद्दल हा लेख आहे.

आधी त्या तीस टक्क्यांचं बघू. आपण तो आकडा शाळेच्या गुणपत्रिकेसारखा वाचतो, म्हणजे शंभरपैकी तीस आणि सत्तर टक्के हृदय गेलं. तसं नाही. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं, त्याची ती टक्केवारी. धडधाकट माणसातही ती साधारण ५५ ते ७० असते. शंभर कुणाचीच नसते. म्हणजे तीस हे नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. हे गंभीर आहेच, पण ‘सत्तर टक्के गेलं’ हा हिशोब चुकीचा आहे. शिवाय इको करणारा बदलला की आकडा चार-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, तेव्हा तीसचे पस्तीस झाले म्हणून पेढे वाटू नयेत आणि पस्तीसचे तीस झाले म्हणून जेवण टाकू नये. नुसत्या आकड्यावरून माणसाची तब्येतही कळत नाही. पंचवीस टक्के पंपिंगवर रोज भाजी आणायला चालत जाणारे लोक आहेत, आणि पासष्ट टक्के असूनही हृदयाचा स्नायू आजारी असलेले आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आता आयुष्याचे आकडे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८१ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात १९६० ते १९७३ या काळातले हृदय फुगलेले (म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे) १०४ रुग्ण होते. त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त दगावले, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. या आजाराबद्दलची पिढ्यानपिढ्या चालत आलेली भीती अशा आकड्यांतून आली. त्या रुग्णांना आज मिळणाऱ्या मुख्य गोळ्यांपैकी जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. इटलीत ट्रिएस्तेला याच आजाराच्या रुग्णांची नोंद १९७८ पासून ठेवली आहे. तिथे नंतरच्या काळात निदान झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक आठ-दहा वर्षांनंतरही, नवं हृदय न बसवता, जगत असल्याचं दिसतं. आजार तोच राहिला, उपचार बदलले.

भारतातला आकडा शोधणाऱ्याला बहुधा तिरुवनंतपुरमची हार्ट फेल्युअर नोंदणी सापडते. २०१३ मध्ये तिथल्या रुग्णालयांत भरती झालेल्या बाराशेहून अधिक लोकांचा तिथे पाठपुरावा झाला. वर्षभरात सुमारे तीस टक्के आणि पाच वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावले. वाचून छातीत धस्स होतं. पण त्यात कोण होते ते पाहा. सरासरी वय एकसष्ट. बहुतेकांचं हृदय धमन्यांतल्या ब्लॉकेजमुळे, हार्ट अटॅकमुळे कमजोर झालेलं, म्हणजे मूळ स्नायूचा आजार असलेले थोडेच. सगळे रुग्णालयात भरती करावे लागण्याइतके आजारी. आणि घरी जाताना शिफारशीप्रमाणे पूर्ण औषधं मिळालेले जेमतेम पाव हिस्सा. माझ्या मते या नोंदणीतून घ्यायची गोष्ट मृत्यूचा आकडा नाही, हा शेवटचा पाव हिस्सा आहे.

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ‘किती वर्षं?’ विचारण्याऐवजी दोन प्रश्न विचारा: हा नेमका कोणता प्रकार, आणि कशामुळे झाला?

कारण स्नायूच्या आजाराचं भविष्य कारणावर फार अवलंबून असतं. दारूमुळे हृदय फुगलं असेल आणि दारू खरोखर सुटली (कमी झाली नव्हे, सुटली), तर पंपिंग कितीतरी सुधारू शकतं. थायरॉईड बिघडल्याने किंवा हृदयाचे ठोके महिनोन्महिने अति वेगाने पडत राहिल्याने स्नायू थकला असेल, तर ते कारण दूर झाल्यावर तो बहुधा सावरतो. कॅन्सरच्या काही औषधांचा स्नायूवर परिणाम होतो, तेव्हा जुन्या केमोची फाइल हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेना. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर, बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये, हृदयाचं टोक अचानक फुगतं. तो प्रकार सुरुवातीला हार्ट अटॅकसारखा दिसतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत बरा होतो. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘इस्केमिक कार्डिओमायोपॅथी’ लिहिलं असेल तर मूळ दुखणं धमन्यांचं आहे. त्याचा मार्ग वेगळा.

बाळंतपणातल्या प्रकाराबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तो आपल्या घरांत हमखास दुर्लक्षिला जातो. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंत झाल्यानंतरचे पाच महिने, या काळात हृदयाचा स्नायू अचानक कमजोर होऊ शकतो. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं. घरचे म्हणतात, बाळंतिणीला एवढं होतंच. आडवं पडता येत नाही इतका दम बाळंतिणीला ‘होतच’ नसतो. त्याच दिवशी ईसीजी आणि इको करून घ्यावा. वेळेत उपचार मिळालेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांचं हृदय सहा महिन्यांत, कधी वर्षभरात, पूर्ववत होतं. पंपिंग सुरुवातीलाच तीसच्या खाली गेलेलं असेल तर सुधारणा कमी दिसते. पुढचं मूल हा मात्र फक्त नवरा-बायको आणि हृदयाच्या डॉक्टरांमधला विषय आहे, सासूबाईंचा नाही. हृदय पूर्ण सावरलं नसेल तर दुसरं गरोदरपण जिवावर बेतू शकतं, आणि सावरलं असलं तरी धोका शून्य होत नाही. शिवाय या आजारातल्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे दिवस जाण्याआधी बोलायला हवं, गेल्यावर नाही.

कारण कळलं, गोळ्या सुरू झाल्या, की पुढचे तीन ते सहा महिने सगळ्यांत महत्त्वाचे. पुढच्या वाटचालीबद्दल खरा अंदाज पहिल्या इकोवरून बांधता येत नाही, या काळानंतरच्या इकोवरून येतो. हृदय आकाराने लहान होऊ लागलं, पंपिंग वर चढलं, चालण्याची ताकद परत आली, तर भविष्य पुष्कळच चांगलं. फुगलेल्या हृदयाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये अशी ठळक सुधारणा दिसते. काहींचं आहे तिथेच थांबतं, तेही वाईट नाही. काहींचं उपचारांना जुमानत नाही. त्यांचा विचार लवकर करावा लागतो.

या काळात चार प्रकारच्या गोळ्या हळूहळू वाढवत नेतात: रक्तवाहिन्या सैल करणारी (हल्ली बहुधा सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन), ठोके सावकाश करणारा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा इप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. सूज आणि दम कमी करणारी लघवीची गोळी वेगळी. तिने बरं वाटतं, पण आयुष्य वाढवण्याचं काम पहिल्या चौघी करतात. नेमका घोळ इथेच होतो. लघवीच्या गोळीने हलकं वाटतं म्हणून ती चालू राहते, आणि बाकीच्या ‘बीपीच्या’ म्हणून बंद केल्या जातात, कारण ‘माझं बीपी तर नॉर्मल आहे’. डापाग्लिफ्लोझिनच्या पाकिटावर मधुमेह वाचून ‘मला साखर नाही’ म्हणत ती परत केली जाते. या गोळ्या इथे बीपीसाठी किंवा साखरेसाठी दिलेल्या नसतात. त्या हृदयाच्या स्नायूवरचा ताण उतरवतात.

या चौघींचा मिळून उपयोग किती? २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या एका विश्लेषणात, पंपिंग कमी असलेल्या ५५ वर्षांच्या रुग्णाला जुन्या पद्धतीच्या औषधांच्या तुलनेत चौघींच्या पूर्ण उपचाराने सरासरी सहा वर्षांहून जास्त आयुष्य मिळेल असा अंदाज काढला होता. ऐंशीव्या वर्षी हा फायदा दीड वर्षाच्या आत येतो. ‘किती वर्षं?’ या प्रश्नाला इतकं थेट उत्तर क्वचित मिळतं, आणि ते बऱ्याच अंशी औषधांच्या डब्यात आहे. यातल्या काही औषधांची पेटंट संपल्याने गेल्या काही वर्षांत स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या आहेत. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर गोळी दिवसाआड करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बदलून देता येतं. प्रत्येक भेटीला एक प्रश्न मात्र विचारत राहा: चारही सुरू आहेत का, आणि नसतील तर कोणती का नाही? बीपी फार कमी, किडनीवर ताण, पोटॅशियम वाढलेलं, अशी खरी कारणं असू शकतात. ती तुम्हाला माहीत असायला हवीत.

पंपिंग पन्नासच्या वर गेलं की पुढचा मोह येतो: आता बंद करू का? लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात नेमकं हेच करून पाहिलं. हृदय पूर्ण सावरलेले, काहीही त्रास नसलेले ५१ रुग्ण निवडले. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांना आजार उलटला. गोळ्या चालू ठेवलेल्यांत एकालाही नाही. तेव्हा इको नॉर्मल आला म्हणजे गोळ्या काम करताहेत, एवढाच अर्थ घ्या. ‘हृदय मुळापासून साफ करतो’ म्हणून गोळ्या सोडायला सांगणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यांच्याकडे सहा महिन्यांनंतरचा इको मागा.

घरातल्या काही सवयींचा भविष्यावर थेट परिणाम होतो, त्यातल्या आपल्याकडे चुकणाऱ्याच सांगतो. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. सूज दिसायची वाट न बघता फोन करा. मीठ कमी म्हणजे वरून मीठ न घेणं एवढंच नाही. लोणचं, पापड, कुरडई, फरसाण, सुकी मासळी, खारे शेंगदाणे हे सगळं त्यात आलं. सैंधव चालतं, हा गैरसमज उपवासाच्या घरात फार आहे. सैंधवही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड. उलट बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ घेऊ नका, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. रोज शहाळं पिणाऱ्यांनीही हे विचारून घ्यावं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणणं, हे स्थिर असलेल्या रुग्णाला रुग्णालयात पोचवणारं मोठं कारण आहे. दुखण्यावर काय घ्यायचं ते आधीच लिहून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा निर्जळी उपवास धरायचा असला, की लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन त्या दिवशी घ्यायची का, हेही विचारून ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हाच प्रश्न रोजचा होतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. चालणं सोडू नये. बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगाने, रोज. आणि कुणी विचारत नाही म्हणून सांगतो: दोन जिने न थांबता, दम न लागता चढता येत असतील तर नवरा-बायकोच्या संबंधांना सहसा हरकत नसते. संकोच सोडून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

या आजारात मृत्यू दोन वाटांनी येतो. एक हळूहळू थकत जाणारी, दुसरी ठोक्यांच्या अचानक गोंधळाने. दुसरीसाठी छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्र असतं, आयसीडी. पूर्ण औषधं तीन महिने घेऊनही पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं तर त्याचा विषय निघतो. त्याआधीच कुणी घाई करत असेल तर का, ते विचारा, कारण अनेकांचं पंपिंग तोवर सुधारलेलं असतं. पण कारण नसताना शुद्ध हरपली असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा एमआरआयमध्ये स्नायूत बरेच व्रण दिसले असतील, तर आकड्यापलीकडे विचार करावा लागतो. आयसीडी पंपिंग वाढवत नाही, हे लाखांचा खर्च करण्याआधी नीट समजून घ्या. ज्यांच्या ईसीजीत डाव्या बाजूचा विद्युतमार्ग अडलेला दिसतो, त्यांना वेगळ्या प्रकारच्या, दोन्ही कप्पे एकत्र चालवणाऱ्या पेसमेकरने मात्र खरोखर फायदा होऊ शकतो. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरतीआधी लिहून घ्या. आणि यंत्र असो नसो, घरातल्या दोघांनी तरी छाती दाबून जीव वाचवण्याचं, सीपीआरचं, प्रशिक्षण घ्यावं. १०८ची गाडी येईपर्यंतची मिनिटं घरच्यांच्याच हातात असतात.

आता सुरुवातीला म्हटलेल्या पासष्ट टक्केवाल्यांकडे येऊ. पंपिंग चांगलं असून स्नायू जाड होणारा हायपरट्रॉफिक प्रकार पाचशेत एकाला असतो, आणि त्यातल्या कित्येकांना तो आयुष्यभर कळतही नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ मध्ये भर सामन्यात कोसळला, तेव्हापासून या प्रकाराचं नाव काढलं की लोकांना तेच आठवतं. वास्तवात नीट देखरेखीखाली असलेल्या रुग्णांत वर्षाला मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे, आणि बहुतेक जण सर्वसाधारण आयुष्य जगतात. तीस मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत, बेशुद्धी, घरातला अचानक मृत्यू, या खुणा असलेले वेगळे काढून त्यांना आयसीडी देतात. रक्ताच्या वाटेत जाड भिंत येत असेल तर शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने ती कमी करता येते, आणि अलीकडे त्यासाठी गोळीही निघाली आहे. पण पासष्टीनंतर पहिल्यांदाच ‘भिंत जाड’ आली, त्यात दोन्ही हातांच्या कार्पल टनेलचं ऑपरेशन झालेलं असेल, तर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा आहे का ते तपासायला सांगा. तिथे भविष्य आणि औषध दोन्ही वेगळं, आणि उशिराची किंमत मोठी.

उपचारांना न जुमानणाऱ्यांकडे वळू. वर्षात दोनदा भरती, बीपी इतकं कमी की गोळ्या घटवाव्या लागताहेत, भूक आणि वजन उतरतंय, किडनी साथ देत नाही, आयसीडीचे शॉक बसताहेत, असं दिसू लागलं की प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राचा सल्ला ताबडतोब घ्या. ‘अजून थोडं बघू’ यात वेळ निघून जातो, कारण किडनी-फुफ्फुसं फार बिघडली की प्रत्यारोपणच करता येत नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, हा प्रयत्न केला होता. रुग्ण वाचला नाही. भारतात पहिलं यश १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आलं. आज जगभरच्या नोंदींत प्रत्यारोपण झालेले निम्म्याहून जास्त लोक दहा वर्षांपलीकडे जगतात. महाराष्ट्रात विभागीय समन्वय केंद्रांमार्फत नावनोंदणी होते.

प्रत्यारोपण शक्य नसेल तर वेदना, दम, झोप यांची काळजी घेणारी पॅलिएटिव्ह सेवा हृदयाच्या औषधांबरोबरच सुरू करता येते. ती सुरू केली म्हणजे हार मानली असं नाही. व्हेंटिलेटर हवा की नको, शेवटी आयसीडीचे शॉक बंद ठेवायचे का, हे रुग्ण बोलू शकत असतानाच विचारावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही.

राहिली रक्ताची नाती. जाड भिंतीचा प्रकार बहुधा आनुवंशिक असतो, आणि फुगलेल्या हृदयातही अनेकांच्या घरात दुसरा रुग्ण सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांसह झालेल्या एका अभ्यासात २००९ मध्ये दिसलं की, हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला एक विशिष्ट दोष दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत आहे. तो असलेल्या सगळ्यांना आजार होतो असं मुळीच नाही, पण आजाराची शक्यता वाढते. म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचा एकदा ईसीजी आणि इको व्हावा. नॉर्मल आला तरी तिथे विषय संपत नाही: मुलांची साधारण एक ते तीन वर्षांनी, मोठ्यांची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासणी लागते, कारण हा आजार विशीत-तिशीतही उगवतो. स्थळं बघायची आहेत, आत्ता कुठे ही भानगड, म्हणून मुलीची तपासणी लांबवणारी कुटुंबं कमी नाहीत. तिला तालमीत, मॅरेथॉनला, पुढे बाळंतपणाला सामोरं जायचंय. रिपोर्टची आणि जनुकीय चाचणीची एकेक झेरॉक्स भावंडांना द्या, आणि मागे घरात कोण, कितव्या वर्षी, कसं गेलं हे मोठ्या आत्याला विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.